बेन किंग्जलींच्या विकिपीडिया पानावरचे बदल का उलटवले गेले, आणि टिकतील असे कसे करायचे

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलणं चाललंय. तुम्ही इंग्रजी विकिपीडियावर सर बेन किंग्जलींच्या, म्हणजे 'गांधी' चित्रपटात गांधीजी साकारणाऱ्या नटाच्या, पानात एकाच दमात चार गोष्टी घातल्यात. पहिल्या वाक्यात 'भारतीय-ज्यू वंशाचे दिग्गज अभिनेते'. मग यूट्यूबवरच्या एका क्लिपवरून नाव बदलण्याचा किस्सा. मग 'गांधी'तल्या अंत्ययात्रेच्या चित्रीकरणाचे आकडे. आणि शेवटी चारही मुलांची नावं, जन्मवर्षांसकट. तासाभरात सगळं उलटवलं गेलं, म्हणजे कोणीतरी ते काढून पान पूर्वीसारखं केलं. तोच मजकूर मराठी पानावर टाकलात, तर तो अजून जसाच्या तसा आहे. तुमचं म्हणणं असं की इंग्रजीवाल्यांना त्यांचं भारतीयपण खुपतं, आणि विचारताय की आता काय करू.

खुपत वगैरे काही नाही. जन्मनाव कृष्ण पंडित भानजी हे त्या पानाच्या पहिल्याच ओळीत आहे, वडिलांकडचं गुजराती मूळ पुढच्या विभागात आहे. मला विचाराल तर इंग्रजी पानावर उलटवलं गेलं ही साधी गोष्ट आहे; मराठी पानावर कोणी हात लावला नाही, काळजी त्याची करायला हवी. त्याकडे शेवटी येतो.

जिवंत माणसांच्या चरित्रांसाठी विकिपीडियाचं वेगळं, कडक धोरण आहे. त्यामागे २००५ सालचं एक प्रकरण आहे. जॉन सीगेन्थेलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कोणीतरी थट्टा म्हणून लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये यांचा हात असावा असा एके काळी संशय होता. ते वाक्य चारेक महिने तिथेच राहिलं. सीगेन्थेलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून विकिपीडियाचे जाहीर वाभाडे काढले. त्यानंतर जे धोरण उभं राहिलं त्याचा गाभा असा: जिवंत व्यक्तीबद्दलचं वादग्रस्त वाक्य संदर्भाशिवाय किंवा तकलादू संदर्भावर उभं असेल तर चर्चेची वाट न बघता काढायचं. वाक्य बदनामीचं आहे की कौतुकाचं, याने फरक पडत नाही. आणि काढलेलं परत ठेवायचं असेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची. तुमचे बदल उलटवणाऱ्याने फक्त हे केलं. चारही गोष्टी एकाच बदलात असल्यामुळे त्याने चारही एकदम उडवल्या, हा थोडा आळस. पण गस्त घालणाऱ्यासमोर, म्हणजे नवे बदल तपासणाऱ्या संपादकासमोर, बदलांची रांग लागलेली असते, तो तुमच्या मजकुरातलं चांगलं-वाईट निवडत बसणार नाही. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: एका वेळी एक मुद्दा, एक बदल, आणि 'बदलांचा आढावा' या रकान्यात काय केलं आणि कशाच्या आधारावर, हे एका ओळीत. चारपैकी एक उलटवला गेला तरी तीन उरतात.

आता एकेक घेऊ. 'भारतीय-ज्यू'पासून.

यातलं पहिलं पद खरं आहे, दुसऱ्याला आधार नाही, आणि पहिल्या वाक्यात दोन्ही बसत नाहीत. वडील रहीमतुल्ला हरजी भानजी डॉक्टर, जन्म केनियातला, घराणं गुजराती खोजा इस्माइली, म्हणजे मुस्लिम; आजोबांचा झांझिबारला मसाल्यांचा व्यापार. आई इंग्लिश. बेन यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४३ रोजी यॉर्कशरमधल्या स्नेन्टन गावी झाला, आणि बालपण गेलं मँचेस्टरजवळच्या पेंडलबरीत. आपल्याकडचा वाचक 'कृष्ण पंडित' एवढंच वाचून मनातल्या मनात जात-धर्माची जी मांडणी करतो ती इथे साफ चुकते. त्यामुळे मराठी पानावर वडिलांचं पूर्ण नाव आवर्जून असावं असं मला वाटतं. ती माहिती 'सुरुवातीचे जीवन' या विभागात जाते. पहिल्या वाक्यात माणूस ज्यासाठी ओळखला जातो तेवढंच येतं, आणि वंश हे त्या ओळखीचं कारण असल्याशिवाय तो तिथे घालत नाहीत. किंग्जलींच्या बाबतीत 'गांधी'मुळे तसं कारण आहे, असा युक्तिवाद करता येईल. करायचा तर चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक पानाला जोडलेल्या संपादकांच्या चर्चेच्या जागी, करा. 'इंग्लिश अभिनेता' लिहायचं की 'ब्रिटिश अभिनेता' याच्यात मात्र पडूच नका. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स इथल्या माणसांच्या पानांवर या एका शब्दावरून वर्षानुवर्षं तुंबळ युद्धं झालेली आहेत. पानावर जे आहे ते राहू द्यावं.

'ज्यू' हे कुठून आलं असेल ते मला कळतं. 'शिंडलर्स लिस्ट'मधला इट्झाक स्टर्न, 'बग्सी'मधला मेयर लान्स्की, टीव्हीवर नाझी गुन्हेगारांचा माग काढणारे सायमन वीझेन्थाल, नंतर अ‍ॅन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक. एकाच नटाने इतक्या ज्यू भूमिका केल्या की लोक भूमिकेचं गोत्र नटाला चिकटवतात. मग कुठलीतरी यादी बनवणारी वेबसाइट ते छापते, आणि पुढचा माणूस त्या वेबसाइटचा संदर्भ देतो. आईच्या वडिलांकडून काही ज्यू मूळ असावं अशी घरात समजूत होती. पण आपण ज्यू नाही आणि त्या धाग्याला ठोस पुरावा नाही, असं किंग्जलींनी स्वतः सांगितलेलं आहे. धर्माच्या बाबतीत विकिपीडियाचा नियम स्पष्ट आहे: माणसाने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं असलं पाहिजे, आणि त्याचा त्याच्या सार्वजनिक कामाशी संबंध असला पाहिजे. हे पानाच्या तळाशी असणाऱ्या वर्गांनाही (एका प्रकारची पानं एकत्र बांधणाऱ्या खुणांनाही) लागू आहे. वर्ग हा प्रकार फार फसवा आहे. वाक्यात 'असे मानले जाते', 'त्यांच्या मते' असं म्हणता येतं. वर्गात माणूस एक तर आत असतो नाहीतर बाहेर, आणि तिथे संदर्भाचा आकडाही जोडता येत नाही. संशय असेल तर वर्ग घालायचा नाही.

नाव बदलण्याचा किस्सा हा तुमच्या चारांतला सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो टिकवता येण्यासारखा आहे. तुम्ही लिहिलेलं वाक्य मराठीत साधारण असं होतं: 'भारतीय नावामुळे ब्रिटिश रंगभूमीने त्यांना नाकारले, म्हणून त्यांना नाव बदलावे लागले.' या एका वाक्यात तुम्ही अख्ख्या रंगभूमीवर आरोप केलात, आणि साक्षीदार फक्त एक, तोही वाक्यात कुठे दिसत नाही. मी असं लिहीन: 'परदेशी वाटणारे नाव कारकिर्दीच्या आड येईल या भीतीने आपण नाव बदलले, असे किंग्जली यांनी सांगितले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार "बेन" हे वडिलांचे शाळेतील टोपणनाव, तर "किंग्जली" हे लवंगांच्या व्यापारामुळे आजोबांना मिळालेल्या "किंग क्लोव्ह" या नावावरून घेतलेले आहे.' माहिती तेवढीच, पण ती कोणाच्या तोंडची आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. स्वतःच्या आयुष्याबद्दल माणसाने सांगितलेलं त्याच्या नावावर लिहायला हरकत नसते. ते त्याच्या नावावरून सुटलं आणि विकिपीडियाच्या तोंडी गेलं की घोटाळा होतो. जुन्या नटांचे नावाबद्दलचे किस्से तर मुलाखतीगणिक घासूनपुसून चकचकीत होत जातात. चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की कोणाचंही तसं होतं. शक्य असेल तर सगळ्यात जुनी छापील मुलाखत शोधा.

इथेच एक बारीक फरक लक्षात ठेवा. रंगमंचावरचं नाव आणि कायदेशीर नाव या वेगळ्या गोष्टी आहेत. मायकेल केन यांचं जन्मनाव मॉरिस जोसेफ मिकलव्हाइट. पडद्यावर ते कित्येक दशकं केन होते, पण कायद्याने नाव बदलल्याची बातमी आली ती २०१६ मध्ये. त्यामुळे स्रोत 'नाव घेतले' म्हणत असेल तर आपणही 'नाव घेतले' एवढंच म्हणायचं. 'कायदेशीररीत्या बदलले' हे शब्द स्रोतात असतील तरच.

तुमच्या क्लिपबद्दल. यूट्यूब हा स्रोत नव्हे, ते दुकान आहे. माल कोणाचा ते बघायचं. मुलाखत एखाद्या प्रसारण संस्थेच्या किंवा नाट्यसंस्थेच्या अधिकृत चॅनलवर असेल तर ती चालते, पण संदर्भात कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख आणि नेमकं कितव्या मिनिटाला ते वाक्य आहे हे लिहा. कोणीतरी कापून, संगीत लावून चढवलेली क्लिप चालत नाही. एक तर मागचं-पुढचं बोलणं गायब असतं, दुसरं म्हणजे प्रताधिकार मोडून चढवलेल्या मजकुराचा दुवा देणं नियमाविरुद्ध आहे.

अंत्ययात्रेचे आकडे खरे आहेत. ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे गांधीजींच्या अंत्यसंस्कारांच्या तेहेतिसाव्या स्मृतिदिनी, दिल्लीत ते दृश्य चित्रित झालं, आणि तीन लाखांहून अधिक माणसं त्यात होती म्हणून गिनीजनेही त्याची नोंद घेतली. फक्त ते 'गांधी' या चित्रपटाच्या पानावर आधीच आहे आणि तिथेच शोभतं. त्या दृश्याचं श्रेय दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो आणि त्यांच्या निर्मितीच्या माणसांचं आहे. अभिनेत्याच्या पानावर प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: हे या माणसाबद्दल आहे का? नसेल तर माहिती कितीही रंजक असली तरी तिचं घर दुसरीकडे.

मुलांची नावं मात्र परत घालू नका, कुठल्याच पानावर. मुलं स्वतः प्रसिद्ध व्यक्ती असतील, त्यांचं स्वतंत्र पान असेल, तर दुवा येतो. एरवी 'चार अपत्ये' पुरे. जन्मतारखा तर नाहीतच. तुम्ही लिहिलंय की ती वर्षं तुम्ही ब्रिटनच्या जन्मनोंदींच्या सूचीतून शोधून काढलीत. मेहनत दिसते, पण जिवंत माणसांच्या बाबतीत ती वाट बंद आहे. जन्म-विवाहाच्या नोंदवह्या, कोर्टाची कागदपत्रं, कंपन्यांच्या संचालकांची सरकारी यादी (ब्रिटनमध्ये तिच्यात जन्माचा महिना आणि वर्षही दिसतं) हे सगळं जनतेला खुलं आहे, म्हणून ते चरित्रात घालायला मोकळं आहे असं नाही. नाव सारखं म्हणजे माणूस तोच, हे तुम्ही स्वतःच ठरवलेलं असतं. त्याला विकिपीडियावर 'मूळ संशोधन' म्हणतात आणि तिथे त्याला जागा नाही. लग्नांबद्दलही तेच: चांगल्या वर्तमानपत्रात आलेलं लग्न आणि घटस्फोट एका वाक्यात, कारणमीमांसा नको.

सरकारी कागद चालतो कुठे? सन्मानांसाठी. किंग्जलींचा नाइटहूड, म्हणजे 'सर' हा किताब, २००२ च्या नववर्ष सन्मानयादीतला आहे आणि ती यादी 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात छापून येते. १९८४ ची पद्मश्री आपल्या सरकारच्या यादीत आहे. अशा ठिकाणी थेट तोच संदर्भ द्यावा. 'सर' वापरायची रीतही सांगून टाकतो, कारण मराठी पानांवर ती हमखास चुकते. हा किताब पहिल्या नावाला लागतो: 'सर बेन' किंवा 'सर बेन किंग्जली'. 'सर किंग्जली' असं कधीच होत नाही. पानाच्या सुरुवातीला एकदा लिहायचं आणि पुढे नुसतं 'किंग्जली'. २००६ मध्ये एका चित्रपटाच्या पोस्टरवर त्यांच्या नावाआधी 'सर' छापलं गेलं म्हणून ब्रिटिश वृत्तपत्रांत बरीच कुजबुज झाली होती. ते प्रकरण दर काही महिन्यांनी कोणीतरी पानात घालतं. साठ वर्षांच्या कारकिर्दीत त्या पोस्टरचं वजन किती, हे ज्याचं त्याने ठरवावं; मी ते घालणार नाही.

आता जिथे खरंच काम पडून आहे तिथे येऊ. कुठल्याही जुन्या ब्रिटिश नटाचं पान उघडा, आकार बघून हसू येतं. गेल्या पंधरा वर्षांतल्या चित्रपटांवर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि रंगभूमीवरची पहिली पंधरा वर्षं दोन ओळींत. किंग्जली १९६७ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीत गेले. पीटर ब्रूक यांच्या १९७० च्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये ते डिमिट्रियस होते. त्या प्रयोगाने शेक्सपियर बसवण्याची रीतच बदलली असं नाट्यसमीक्षक आजही म्हणतात. १९७५ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या छोट्या नाट्यगृहात बझ गुडबॉडी यांनी बसवलेल्या 'हॅम्लेट'मध्ये ते हॅम्लेट. १९७७ मध्ये नॅशनल थिएटरात 'व्होल्पोनी' या नाटकातला मॉस्का. 'गांधी'नंतर, ऑस्कर घरात आल्यावरही, १९८३ मध्ये एडमंड कीन या एकोणिसाव्या शतकातल्या नटावरचा एकपात्री प्रयोग. म्हणजे जगाला १९८२ मध्ये जो 'नवा चेहरा' दिसला तो तेव्हा अडतीस वर्षांचा मुरलेला नट होता. १९८३ मध्ये 'गांधी'साठी त्यांना बाफ्टाचे, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट अकादमीचे, दोन पुरस्कार मिळाले, एक सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि दुसरा चक्क आशादायक नवोदिताचा! ही विसंगती पानात नीट आली तर वाचणाऱ्याला माणूस कळतो. 'आयर्न मॅन ३'मधल्या ट्रेव्हर स्लॅटरीवर आणखी एक परिच्छेद वाढवून ते होणार नाही.

याचे संदर्भ गुगलच्या पहिल्या पानावर मिळत नाहीत, म्हणूनच ते काम पडून आहे. रॉयल शेक्सपियर कंपनीच्या प्रयोगांची नोंद स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपियर बर्थप्लेस ट्रस्टकडे आहे आणि तिची सूची ऑनलाइन बघता येते: कोणत्या साली, कोणत्या नाट्यगृहात, कोण कोणत्या भूमिकेत. तारखा आणि भूमिकांसाठी तेवढं पुरतं. प्रयोग कसा होता हे सांगायचं तर त्या काळचं परीक्षण हवं, आणि जुनी ब्रिटिश वर्तमानपत्रं बहुतेक पैसे भरून वाचायची असतात. तिथे 'विकिपीडिया ग्रंथालय' कामाला येतं. तुमचं खातं सहा महिने जुनं असेल, एकूण पाचशे संपादनं आणि गेल्या महिन्याभरात किमान दहा झालेली असतील आणि तुमच्यावर बंदी नसेल, तर कितीतरी अभिलेखागारं आणि नियतकालिकं फुकट उघडतात. ही सोय आहे हेच अनेकांना माहीत नसतं. परीक्षणातून घेताना समीक्षकाचं मत समीक्षकाच्या नावाने द्या. 'त्यांचा हॅम्लेट गाजला' असं हवेत सोडू नका.

चित्रपटांच्या यादीत एकच खड्डा आहे पण त्यात सगळे पडतात: वर्ष. 'गांधी' १९८२ चा, पण ऑस्कर सोहळा एप्रिल १९८३ चा. 'सेक्सी बीस्ट' तर आणखी चक्रावणारा. पहिला खेळ २००० मध्ये टोरंटो महोत्सवात, ब्रिटनमध्ये प्रदर्शन २००१ मध्ये, आणि ऑस्कर नामांकन ज्या सोहळ्याचं तो मार्च २००२ मध्ये. तीन संकेतस्थळं तीन वर्षं देतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. तक्त्याच्या मथळ्यात 'चित्रपटाचे वर्ष' की 'सोहळ्याचे वर्ष' ते स्पष्ट लिहा आणि पूर्ण तक्त्यात तेच पाळा. कोणी 'दुरुस्ती' करायला आलं तर मथळ्याकडे बोट दाखवता येतं. घोषणा झालेले, अजून चित्रीकरणही सुरू न झालेले चित्रपट यादीत घालू नका. त्यातले निम्मे कधी बनतच नाहीत.

संदर्भ कोणते चालतात याची यादी इंग्रजी विकिपीडियावर आहे, ती एकदा शांतपणे वाचा. 'डेली मेल'ला २०१७ मध्ये समुदायाने चर्चा करून जवळजवळ बाद ठरवलं. तिथली मुलाखत कितीही रसाळ असली तरी संदर्भ टिकणार नाही. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावर मजकूर वापरणारेच भरतात, त्यामुळे जन्मतारीख, उंची, लग्नं यांसाठी तो कामाचा नाही. आणि वर्तमानपत्रात छापलंय म्हणजे खरं, असंही धरू नका. मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस जार वारले तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या पानावर एक सुंदर, पूर्णपणे बनावट उद्गार टाकला. विकिपीडियाच्या संपादकांनी तो संदर्भ नाही म्हणून काढला, त्याने परत टाकला, पुन्हा काढला गेला. मधल्या काळात पत्रकारांनी तो उचलला आणि नामवंत वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत तो झळकला. त्या विद्यार्थ्याने स्वतः कळवलं तेव्हाच वृत्तपत्रांना पत्ता लागला. उलटवणाऱ्याचा राग आला की हे प्रकरण आठवा. त्या दिवशी शहाणे ठरले ते उलटवणारेच. याची दुसरी बाजू अशी की एखाद्या बातमीतली माहिती विकिपीडियावरूनच घेतलेली असू शकते. बातमीची तारीख आणि पानाच्या इतिहासात ते वाक्य प्रथम कधी आलं ती तारीख ताडून बघा. वाक्य आधी पानावर आणि मग बातमीत आलं असेल तर तो संदर्भ गोल फिरून परत आलाय.

वय झालेल्या नटांच्या बाबतीत आणखी एक. निधनाच्या अफवा वर्षाला एक-दोनदा उठतातच. 'आहेत'चं 'होते' करण्याची घाई करू नका. कुटुंबाचं किंवा प्रतिनिधीचं निवेदन एका भरवशाच्या वृत्तसंस्थेने दिलं की मगच. आणि खरोखर निधन झालं तरी जिवंत व्यक्तींचं धोरण लगेच सुटत नाही. निधनानंतरही सहा महिने ते दोन वर्षं ते लागू राहू शकतं, विशेषतः कुटुंबाबद्दलच्या मजकुराला.

आता मराठी पान. तिथे तुमचा मजकूर राहिला कारण तो कोणी तपासलाच नाही. सक्रिय संपादक मूठभर, 'अलीकडील बदल' बघणारे त्याहून कमी. तिथलं चुकीचं वाक्य वर्षानुवर्षं राहतं, शाळेतली मुलं प्रकल्पाला उतरवून घेतात, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये जातं. म्हणून मराठीत लिहिताना गस्तवाला आपणच. पहिलं काम: तिथून 'ज्यू' आणि मुलांची नावं आजच काढा. विकिडाटावरही (सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा सामायिक माहितीसाठा) बघून या, कारण काही माहितीचौकटी, म्हणजे पानाच्या कडेचे माहितीचे तक्ते, तिथून माहिती ओढतात आणि तिथली चूक अनेक भाषांत पसरते.

मग भाषा. तुमच्या मराठी पानाचं पहिलं वाक्य: 'आपल्या कसदार आणि चतुरस्र अभिनयाने जगभरातील रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणारे दिग्गज अभिनेते सर बेन किंग्जली यांचा जन्म...' हे सत्कार समारंभाचं मानपत्र झालं. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं. त्याऐवजी: 'सर बेन किंग्जली (जन्मनाव: कृष्ण पंडित भानजी, ३१ डिसेंबर १९४३) हे इंग्लिश अभिनेते आहेत. "गांधी" (१९८२) या चित्रपटातील महात्मा गांधींच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.' दिग्गजपणा ऑस्करच सांगतो. मराठी विकिपीडियावर परदेशी नटांना 'हा एक अभिनेता आहे' असं एकेरी लिहिण्याची जुनी पद्धतही दिसते. मला ती खटकते, पण त्यावरून पानापानावर भांडू नका. एका पानात एकच पद्धत असली म्हणजे झालं.

इंग्रजी पानाचं भाषांतर करणार असाल तर 'बदलांचा आढावा' मध्ये मूळ पानाचं नाव द्या, विकिपीडियाचा मजकूर ज्या परवान्याखाली वापरता येतो त्याची ती अट आहे. आणि इंग्रजीतले संदर्भ जसेच्या तसे उचलू नका. प्रत्येक उघडून वाचा, त्यात ते वाक्य खरंच आहे का ते बघा. बरेच दुवे मेलेले असतात, काहींत निम्मंच असतं.

मराठी पानाला इंग्रजीपेक्षा काही जास्त देता येईल का? येईल. 'गांधी'मध्ये कस्तुरबा होत्या रोहिणी हट्टंगडी, ज्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा विभागून मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले होते डॉ. श्रीराम लागू. वेशभूषा जॉन मोलो यांच्या जोडीने कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, आणि त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. या तिघांबद्दल मराठीत छापील मजकूर भरपूर आहे: मुलाखती, आठवणी, १९८०-८३ च्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या. किंग्जलींसोबत काम करताना काय दिसलं, ते तालमी कशा करत, याबद्दल यांपैकी कोणी छापून सांगितलेलं असेल तर ते इंग्रजी पानावर येण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे, कारण तिथल्या संपादकाला मराठी वाचता येत नाही. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असलेलं एखादं सार्वजनिक वाचनालय गाठा. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक टिपून घ्या. संदर्भ इंग्रजीत असावा असा नियम नाही. मराठी वर्तमानपत्राचा संदर्भ इंग्रजी पानावरही चालतो, मूळ ओळ आणि तिचा इंग्रजी अर्थ संदर्भात द्यावा म्हणजे शंका घेणाऱ्याला तपासता येतं.

इंग्रजी पानावर आता लगेच काही करायचं तर फक्त नावाचा मुद्दा घ्या. चर्चा पानावर नवा विभाग उघडून एवढंच लिहा: 'नावाच्या उगमाबद्दल दोन वाक्यं "सुरुवातीचे जीवन" मध्ये घालू इच्छितो. प्रस्तावित मजकूर खाली. संदर्भ अमुक मुलाखत, अमुक तारीख. कारकिर्दीबद्दलचं विधान त्यांच्याच नावाने दिलेलं आहे. हरकत असल्यास कळवावे.' ज्याने उलटवलं त्याला त्यात साद घाला, नावानिशी दोष न देता. भारतीयपण खुपतं वगैरे तिथे काढू नका. पहिल्याच वाक्यात हेतूवर शंका घेतली की पुढचं कोणी वाचत नाही. आठवडाभर कोणी बोललं नाही तर मजकूर घाला. परत उलटवला गेला तर चर्चा पानावर कारण विचारा, आणि तिथेही अडलं तर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळा सूचनाफलक आहे, तिथे तुमची दोन वाक्यं आणि संदर्भ मांडा.